फोन घेऊन झाडाखाली

सुट्टी लागली की बऱ्याच जणी आम्हाला एकच गाऱ्हाणं सांगतात. मुलं दिवसभर फोनला चिकटलेली, फोन काढून घेतला तर घर डोक्यावर घेतात आणि दिला तर मान वर होत नाही. यावर औषध द्यायला आम्ही काही मानसतज्ज्ञ नाही. पण आम्ही सात-आठ जणी, म्हणजे काही नोकरीतल्या आणि काही निवृत्त शिक्षिका, दोघी-तिघी नुसत्याच आया आणि एक आजी, गेली काही वर्षं रविवारी सकाळी मुलांना घेऊन बाहेर पडतो. कधी डोंबिवलीत खाडीच्या बाजूला, कधी ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी, कधी लांब जायचा कंटाळा आला तर सोसायटीच्या मागच्या गल्लीत. सोबत एक-दोन फोन असतात. आज त्या फोनबद्दलच बोलायचं आहे. घराबाहेर नेल्यावर तो शिकवायला कसा उपयोगी पडतो, कुठे अजिबात उपयोगी पडत नाही, आणि कुठे जपून वापरावा लागतो.

फोन किती हवेत, तर पाच मुलांत एक. प्रत्येकाच्या हातात फोन दिलात तर पाच मुलं पाच दिशांना बघतील. एकच असला की आपोआप कामं वाटली जातात. एकाकडे फोन, एकाकडे वही, एकाकडे शिवणकामाची टेप, एकीने वेळ आणि जागा नोंदवायची, आणि एकाने फक्त बघायचं आणि बघितलेलं मोठ्याने सांगायचं. दर पंधरा मिनिटांनी कामं बदलायची. सगळ्यांत गंमत येते ती या शेवटच्या कामात. फोनवाल्याला जे दिसत नाही ते नुसतं बघणाऱ्याला दिसतं, आणि मग फोनवाला त्याच्या मागे धावतो.

सुरुवात आवाजापासून करा, कारण पक्षी दिसायला वेळ लागतो पण ऐकू मात्र लगेच येतो. मर्लिन नावाचं एक फुकट ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने केलेलं. २०२१ पासून ते पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. कसं, ते मुलांना नक्की दाखवा. पडद्यावर आवाजाचं चित्र सरकत जातं. उंच, बारीक आवाज वरच्या बाजूला उमटतो, जाड आवाज खाली, आणि जितका जोरात तितका गडद. तांबट पक्ष्याचा ठोक ठोक आवाज तिथे सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांसारखा दिसतो. कोकिळेची कुहू प्रत्येक वेळी थोडी वर चढत जाते, तीही दिसते. यंत्र ही चित्रं त्याला आधी शिकवलेल्या हजारो चित्रांशी ताडून बघतं. म्हणजे ते ‘ऐकत’ नाही, ते बघतं. आमच्यातल्या गाणं शिकलेल्या मैत्रिणीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, ही तर स्वरलिपीच झाली.

घरून निघण्याआधी भारताची पक्षीयादी फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे तिथे इंटरनेट लागत नाही. आणि एक नियम आमच्याकडे कडक आहे: ॲपने नाव सांगितलं की लगेच टाळ्या नाहीत. पक्षी डोळ्यांनी दिसला, रंग आणि शेपूट वहीत लिहिली, तरच ते नाव यादीत जाईल. ठाण्या-डोंबिवलीत रिक्षाचा हॉर्न, प्रेशर कुकरची शिट्टी आणि एखाद्या घरातला पिंजऱ्यातला पोपट या सगळ्यांतून ते यंत्र वाट काढत असतं, तेव्हा चुकणारच. दयाळ तर स्वतःच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. त्याने केलेली नकल फोनने खरी मानली, तर दोष कुणाचा?

एक गोष्ट मात्र करू नका. त्याच ॲपमधला पक्ष्याचा आवाज मोठ्याने वाजवून खऱ्या पक्ष्याला जवळ बोलावायचं, हा खेळ मुलांना फार आवडतो. पण विणीच्या दिवसांत नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा आला, आणि तो घरटं सोडून भांडायला धावतो. तेवढ्यात कावळा अंडी नेतो.

आता डोळ्यांकडे वळू. फुलं, पानं, किडे, कोळी, फुलपाखरं यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट नावाचं व्यासपीठ आहे. २००८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झालं. आपण फोटो टाकायचा, यंत्र अंदाज सांगतं, आणि मग जगभरातली जाणकार माणसं तो अंदाज तपासतात. शिकवण्याच्या दृष्टीने हा तपासणीचा भाग आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुलांना कळतं की नाव हे उत्तरपत्रिकेतून आलेलं नसतं, चार जणांनी पुरावा पाहून ते ठरवलेलं असतं, आणि उद्या कुणी जास्त चांगला पुरावा आणला तर ते बदलतं. लहान मुलांसाठी त्याच मंडळींचं सीक नावाचं ॲप आहे. त्यात खातं उघडावं लागत नाही, मुलाचं नाव-गाव कुठे जात नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांना आम्ही तेच देतो.

फोटो कसा काढायचा हेही शिकवण्याचंच काम आहे. नुसतं फूल काढून भागत नाही. पान वरून, पान खालून, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोडाची साल, आणि अख्खं झाड, असे पाच फोटो घेतले तर ओळख पटते. आणि हे पाच फोटो घेताना मुलाने पान पहिल्यांदाच उलटून बघितलेलं असतं! शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा टेप ठेवली की आकारही कळतो. बारीक गोष्टींसाठी साधं भिंग कॅमेऱ्यासमोर धरा. पन्नास-शंभर रुपयांचं भिंग फोनला सूक्ष्मदर्शकाच्या अर्ध्या वाटेपर्यंत नेतं.

ज्यांना बाहेर पडणं जमत नाही त्यांनी आपल्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यापासून सुरुवात करावी. कढीपत्त्यावर कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी दिसते, आणि आपण ती चिमट्याने काढून टाकतो. ती बहुधा कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराची अळी असते. ही फुलपाखरं लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतात, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हेही त्याच कुळावर वाढतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. तर ती अळी राहू द्या. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच अंतरावरून एक फोटो. काही दिवसांत अळी हिरवी होते, मग कोष करते, आणि अंड्यापासून साधारण महिनाभरात फुलपाखरू बाहेर येतं. तीस फोटो एकापाठोपाठ सरकवले की मुलांसमोर अख्खा जीवनक्रम उलगडतो. आमटीला दोन पानं कमी पडली तर पडू द्या. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळे गावी ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे. कुठली झाडं लावली की कुठलं फुलपाखरू येतं हे बघायचं असेल तर रविवारी सकाळी ऊन पडल्यावर तिथे जा. फुलपाखराला उडायला ऊब लागते, त्यामुळे भल्या पहाटे जाऊन उपयोग नाही.

खाडीची गोष्ट थोडी सविस्तर सांगू, कारण आपल्या दाराशी एवढी मोठी शाळा आहे आणि आपण तिच्याकडे नाक दाबून लोकलमधून बघतो. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे रोहित पक्षी असतात. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक असलेला. छोटा रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद लालसर. फोनच्या कॅमेऱ्यात दोघेही गुलाबी ठिपकेच येतात, तेव्हा इथे फोन खिशात ठेवा आणि एक साधी दुर्बीण आळीपाळीने फिरवा. मात्र त्यांच्या रंगाचं कोडं फोनने सोडवता येतं. हा रंग जन्माचा नाही, शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन पिसांत उतरलेला आहे. गाजरातही त्याच जातीचं रंगद्रव्य असतं.

खाडीवर जायचं तर भरती-ओहोटी बघावी लागते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी लांबवर विखुरतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या बोटींच्या फेऱ्याही भरतीच्या वेळा पाहून ठरतात. फोनवर भरतीचं वेळापत्रक मिळतं. पण त्याआधी मुलांना आपल्या किनाऱ्यावरचं जुनं गणित शिकवा. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ आली. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, कारण भरती चंद्राच्या मागे दिवसाला पाऊण तासाहून थोडी जास्त सरकते. आता फोनमधली वेळ उघडा आणि फरक बघा. ठाण्याच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला मुंबईपेक्षा थोडा उशीर होतो, तोही फरकात दिसेल. कालनिर्णय, कोळणींचा हिशेब आणि उपग्रहाच्या जमान्यातलं यंत्र, तिघांची वेळ एकमेकांच्या जवळ येते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पाढे कशाला पाठ करायचे, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही.

काठावरच्या तिवराच्या झाडांजवळ भिंग आणि फोन बाहेर काढा. पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. तिवर खारं पाणी शोषतं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. परदेशी व्हिडिओंत मुलांना ते पान चाटून बघायला सांगतात. आपल्या खाडीत कायकाय सोडलं जातं ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा चाटणं नको, फोटो पुरे. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या मुळ्या मोजा. एक मीटर बाय एक मीटरचा सुतळीचा चौकोन टाकायचा, वरून फोटो काढायचा आणि घरी जाऊन मोजायच्या. चिखलात हवा नसते म्हणून ही मुळं श्वास घ्यायला वर येतात. तिवराची एक बहीण आहे, पांढरी चिप्पी. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्याचं कांदळवन वृक्ष ठरवलं. मुलांना मोर आणि वाघ पाठ असतात, आपल्या राज्याचं हे झाड कुणालाच माहीत नसतं.

फोनला आपण कुठे आहोत हे कसं कळतं, हा प्रश्न चौथीच्या पुढची मुलं हमखास विचारतात. सोपं करून असं सांगता येईल. आकाशात उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येक जण सतत ओरडत असतो, ‘मी इथे आहे, आत्ता इतके वाजले’. तो संदेश फोनपर्यंत यायला क्षणाचा अगदी बारीकसा भाग लागतो. त्या उशिरावरून फोन अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह सापडले की जागा पक्की होते. यासाठी इंटरनेट लागत नाही, रिचार्ज संपला तरी फोनला आपली जागा कळते. फक्त नकाशाचं चित्र आधी उतरवून ठेवावं लागतं. उघड्या मैदानात ही जागा काही मीटरच्या फरकाने बरोबर येते. घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरांच्या मधे उभं राहिलात तर मात्र संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतो, आणि फोन तुम्हाला रस्त्याच्या पलीकडे उभं करतो. हा प्रयोग मुलांकडून करून घ्या. मैदानात एकाच जागी उभं राहून पाच वेळा आकडे लिहायचे, मग इमारतींच्या मधे पाच वेळा. कुठले आकडे जास्त हलले? हेच तंत्र बीएनएचएस संस्थेने २०२२ साली ठाणे खाडीतल्या काही रोहितांवर छोटी यंत्रं बसवून वापरलं, तेव्हा इथला पक्षी गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत कसा जातो ते नकाशावर उमटलं.

पण याच सोयीमुळे सावधही राहावं लागतं. फोटोच्या पोटात जागा आणि वेळ लपलेली असते. घुबडाच्या ढोलीचा किंवा सापाचा फोटो जागेसकट जगाला दाखवला, तर दुसऱ्या दिवशी तिथे भलतीच माणसं पोचू शकतात. धोक्यात असलेल्या प्राण्यांची जागा आयनॅचरलिस्ट आपणहून पुसट करतं, बाकीच्यांची आपल्याला पुसट करता येते. मुलांच्या बाबतीत तर हे शंभरपट खरं. दर रविवारी सकाळी सात वाजता अमुक शाळेच्या मुली तमुक टेकडीवर असतात, हे फोटो आणि ग्रुपवरच्या स्टेटसमधून कुणालाही कळू नये. म्हणून कॅमेऱ्यातलं ठिकाणाचं बटण आम्ही फक्त नोंदीपुरतं चालू करतो, गणवेशातले फोटो टाकत नाही, आणि मुलांचे चेहरे नोंदीत येऊ देत नाही. येऊरला जायचं तर वनखात्याच्या प्रवेशाच्या वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्या. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंग आहे आणि तिथे बिबटे राहतात. संध्याकाळी फोटोच्या नादात थांबायची ती जागा नव्हे.

आता फोन कुठे हरतो ते सांगतो, कारण आम्हाला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. जून उजाडला की कल्याण आणि ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी काकडाची छोटी हिरवी फळं असतात. शेवळाचा फोटो काढा, ॲप कदाचित सुरणाचा भाऊबंद आहे इथवर सांगेल. पण ते खाल्ल्यावर घशाला खाज सुटते, ती मोडायला काकडं घालावी लागतात, कुठला भाग काढून टाकायचा, किती वेळ शिजवायचं, हे त्या फोनमध्ये नाही. ते त्या टोपलीमागे बसलेल्या मावशींकडे आहे. तीच गोष्ट टाकळा, कुर्डू, कंटोळी, फोडशीची. तेव्हा आमचा दुसरा कडक नियम: ॲपने ‘खाण्याजोगं’ म्हटलं म्हणून रानातलं एक पानही तोंडात घालायचं नाही. आपल्या कुंपणांवर पिवळी बिट्टी असते, तिच्या बिया जिवावर बेततात. दोन पानं सारखी दिसतात आणि एक विषारी असतं, हे यंत्राला फोटोवरून दर वेळी ओळखता येत नाही.

इथे फोनचं दुसरं रूप कामाला येतं, टेपरेकॉर्डरचं. मुलांनी मावशींची परवानगी मागायची, गिऱ्हाईक नसेल अशी वेळ बघायची, एक जुडी आधी विकत घ्यायची आणि मग विचारायचं. तुमच्याकडे हिला काय म्हणतात? कुठे उगवते? पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी? आधी जास्त मिळायची का? उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच बोलीत ठेवायची, शुद्ध करायची नाहीत. घरी येऊन ती ऐकून वहीत उतरवायची. आमच्या मते भाषेचा याहून चांगला धडा नाही: ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, प्रश्न कसा विचारावा, कधी गप्प बसावं, सगळं त्यात येतं. आणि एखादी शाळेत न गेलेली बाई आपल्या मुलांची शिक्षिका होते, हे मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. ध्वनिमुद्रण मात्र तिच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचं नाही, आणि पुढच्या आठवड्यात जाऊन तिला तिचा आवाज ऐकवायचा.

झाडांचं मोजमाप हा आमच्या गटाचा सध्याचा उद्योग आहे. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर टेपने घ्यायचा. उंचीसाठी एक मीटरची काठी खोडाला टेकवून उभी करायची, झाडाच्या उंचीइतकं तरी मागे जायचं, फोन सरळ धरून अख्खं झाड फोटोत घ्यायचं. मग फोटोवर पट्टी ठेवायची. काठी एक सेंटिमीटर भरली आणि झाड बारा, तर झाड बारा मीटर. फोन वर तिरका केलात तर शेंडा आखूड दिसतो आणि उत्तर चुकतं. ते का, हे मुलांनाच शोधू द्या. सातवीतलं गुणोत्तर इथे जसं डोक्यात बसतं तसं फळ्यावर बसत नाही.

मग त्या झाडाचं एक पान वहीत तयार होतं: नाव, घेर, उंची, जागा, तारीख, फोटो. दर आठवड्याला कळी, फूल, फळ, पानगळ. सीझनवॉच नावाचा देशभराचा उपक्रम आहे, तिथेही अशा नोंदी टाकता येतात. बहावा एप्रिलच्या आधी फुलला की नंतर, याचं उत्तर एका वर्षाच्या वहीत मिळत नाही, दहा वर्षांच्या वह्यांत मिळतं.

या वहीचा उपयोग शाळेपुरता नाही. आपल्याकडे रस्ते रुंद होतात, मेट्रोचे खांब उभे राहतात, जुन्या सोसायट्या पाडून नव्या होतात, आणि झाडं जातात. झाड तोडायला १९७५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आहे, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणजे झाड तीस वर्षांचं की साठ, याला किंमत आली. हरकतीत ‘आमचं झाड फार जुनं आहे’ लिहिलं तर कुणी वाचत नाही. घेर, उंची, जागा, तारखेचे फोटो आणि त्यावर असलेली घरटी लिहिली तर उत्तर द्यावं लागतं. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तो कुणीतरी फोनवर टिपला म्हणून राज्यभर दिसला. आठवा ना. मुलांना पुरावा म्हणजे काय हे इथे कळतं, आणि आपल्यालाही.

झाडाला नावाची पाटी लावायची असेल तर खिळा ठोकू नका, सैल सुतळीने बांधा आणि दर वर्षी सोडून पुन्हा बांधा. पाटीवर क्यूआर कोडही छापता येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांत हेच कोड वापरून गाजले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. कोडमध्ये पत्त्याऐवजी थेट मजकूर भरला तर तो इंटरनेटशिवाय उघडतो. देवनागरीत सात-आठ ओळी लिहा, फार भरलात तर चौकोन इतके बारीक होतात की साध्या फोनला वाचता येत नाहीत. चौकोनाचा थोडासा भाग पावसाने खराब झाला तरी तो सहसा वाचला जातो, कारण तीच माहिती त्यात थोडी जास्तीची भरून ठेवलेली असते. आपण साडीच्या काठाला आतून दुमड ठेवतो तसं.

शाळेजवळ आवाज मोजण्याचा प्रयोगही करून बघा. नियमाने शाळा आणि रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल ही मर्यादा आहे, वस्तीत ५५. फोनचं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने गल्ली आणि हमरस्ता मोजला तर फरक कळतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दसपट झाली, हे मात्र आधी समजावून द्या, नाहीतर ५५ आणि ७५ मधे वीसचाच तर फरक, असं मुलं म्हणतात.

राहिला प्रश्न फोन कुणाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींकडे नव्हता. आपल्या शहरांत चित्र बरं असेल, पण घरातला चांगला फोन बाबांबरोबर कामावर जातो, दादाला क्लाससाठी मिळतो, आणि मुलीच्या वाट्याला तडा गेलेला येतो किंवा तोही नाही. आमच्या गटात म्हणून फोन पहिल्यांदा मुलींच्या हातात जातो, आणि जुने, कोपऱ्यात पडलेले फोन आम्ही मागून घेतो. सिमकार्ड नसलं तरी कॅमेरा, ध्वनिमुद्रण, जागा आणि घड्याळ चालतं. बॅटरी धरत नसेल तर एक पॉवरबँक चौघींत पुरते. तुमच्या कपाटात असा एखादा फोन असेल तर आधी त्यातले घरचे फोटो आणि बँकेचे मेसेज पुसा आणि मग द्या.

सुट्टी आहेच, तर एक तारीख लिहून ठेवा. १६ मे. त्या दिवशी ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच लपते. बाराला का नाही, तर आपलं घड्याळ देशाच्या मधल्या, प्रयागराजजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला आहोत. हा योग जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. गच्चीवर एक स्टीलचा डबा किंवा पाण्याची सरळ बाटली उभी करा, फोन स्टुलावर ठेवून सव्वाबारापासून दर मिनिटाला एक फोटो घ्या, आणि सावलीचं टोक खडूने आखत जा. फोन उन्हात तापून बंद पडतो, म्हणून त्याच्यावर ओला नाही, कोरडा पांढरा रुमाल धरा. मुलांना टोप्या आणि कोकम सरबत द्या. आणि गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडून आदल्या दिवशीच मागून ठेवा, कारण ऐन साडेबाराला ते जेवायला गेलेले असतात.